शेजारच्या खुर्चीतली कुजबुज

“सिनेमे बघायचे. शनिवार-रविवार, जितके जमतील तितके,” डॉक्टर नसीम तांबोळी म्हणाल्या. “आणि मिस्टरांना घरात ठेवायचं नाही.”

मिरजेत इतकी वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवल्या, पण असं पथ्य हर्षदाला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं वळून धनंजयकडं पाहिलं. म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या हळदी रंगाच्या शर्टाकडं पाहिलं. शर्टाच्या वर चेहरा होता. त्यात भुवया होत्या, चष्मा होता, पिकलेल्या मिश्या होत्या. सगळं तिला स्वच्छ दिसत होतं. फक्त त्या सगळ्याची बेरीज होत नव्हती.

ती बेरीज मेंदूज्वरानं नेली होती. ताप उतरला, हातपाय शाबूत राहिले, बोलणं तर पहिल्यापेक्षा वाढलं असं सासरचे म्हणत. पण मेंदूच्या तळाशी, उजव्या बाजूला, चेहरे ओळखणारी एक इवलीशी जागा असते, तिची वाट तेवढी कायमची बुजली. पानावरची अक्षरं एकेक करून दिसावीत आणि शब्द काही लागू नये, तसं माणसांचं झालं. कापडाच्या दुकानात एकदा ती समोरच्या बाईला “जरा सरकता का?” असं दोनदा म्हणाली. समोर आरसा होता.

तिनं आपल्या परीनं मार्ग काढला. ती ब्लाउज शिवायची. गिऱ्हाईक दारात आलं की चेहरा लागायचा नाही, पण खांद्यांचा उतार लागायचा. डावा खांदा खाली म्हणजे पोस्टातल्या बाई. मान आखूड म्हणजे शेजारची अलका. नवऱ्यासाठी खूण शोधायची गरज नव्हती, कारण ती त्यानं स्वतःच करून ठेवली होती. आजारानंतर गर्दीत ती दुसऱ्याच कोणाचा तरी दंड धरून चालू लागली, त्या दिवसापासून धनंजयनं घराबाहेर पडताना हळदी शर्टाशिवाय दुसरा शर्ट घातला नाही. लग्नाला तोच रंग, मयतीलाही तोच. शाळेत तो भूगोल शिकवायचा. पोरांनी त्याचं नाव ‘हळद सर’ ठेवलं आणि ते त्यानं बिनतक्रार लावून घेतलं.

आणि त्याची कुजबुज. लग्नाच्या मांडवात तो तिच्या उजव्या खांद्यामागं उभा राहायचा आणि कानाशी चालू व्हायचा, “समोरून सुषमावहिनी. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, विचार.” हर्षदा विचारायची आणि वहिनी गावभर सांगायच्या, आजारी असून किती आठवण ठेवते बघा! सिनेमातही तसंच. दिव्यांचा उजेड बदलला, कपडे बदलले, दहा वर्षं पुढं गेली की पडद्यावरची माणसं तिला पार अनोळखी व्हायची. मग शेजारच्या खुर्चीतून यायचं, “हा तोच, विहिरीवरचा. आता वकील झालाय.”

“हीच तर अडचण आहे,” डॉक्टरांनी टेबलावरचा चष्मा उचलला. दिसायला साधाच, दांड्या जरा जाड. “यातला कॅमेरा समोरचा चेहरा मोजतो. डोळ्यांतलं अंतर, गालाची हाडं, हनुवटी. मिश्या लावा, केस पिकवा, हाडं काही बदलत नाहीत. प्रत्येक चेहऱ्याला हा एक वेगळी थरथर देतो, इथं, कानामागच्या हाडावर. नवा चेहरा, नवी थरथर. तोच चेहरा पुन्हा आला की तीच थरथर.”

“म्हणजे नाव सांगत नाही?”

“नाव सांगायला सर आहेतच की. आपल्याला ओळख पटवायची आहे. आंधळा माणूस बोटानं वाचायला लागतो, तेव्हा पाहण्याची जागा बोटांकडून काम घ्यायला शिकते. तुमची जागा बुजलेली नाही, तिची वाट बुजली आहे. आपण मागच्या दारानं आत शिरतोय. सराव झाला की एका क्षणी थरथर जाणवायचीच बंद होईल. नुसतं कळेल, अरे, ही तर अमकी! पण शेजारी कोणी आयतं उत्तर सांगत असेल तर मेंदू कष्ट करत नाही. तुमचे मिस्टर हेच तुमचं पहिलं यंत्र आहे. ते चालू असताना दुसरं चालणार नाही.”

धनंजय हसला नाही. एरवी तो हसला असता.

“आधी पाहिलेलेच सिनेमे बघा,” डॉक्टर म्हणाल्या. “गोष्ट माहीत असली की सगळं लक्ष चेहऱ्यांवर राहतं. सोमवारी या. मेंदूनं धरलं असेल तर चष्मा तुमचा. नाहीतर परत घ्यावा लागेल, बरेच लोक थांबलेत.”

शनिवारी सकाळी धनंजय बहिणीकडं बार्शीला निघाला. बॅग भरून झाली तरी तो दारात घुटमळत होता.

“दूध आलंय. गॅसची कळ बंद करत जा.”

“तू यायच्या आधीही मी चहा करून पीत होते.”

“हर्षदा, जुने सिनेमे नको बघूस.”

“का?”

“असंच. नवीन बघ. जुन्यांत काय ठेवलंय?”

“डॉक्टर म्हणाल्या ना, पाहिलेलेच बघा.”

“डॉक्टरांना सिनेमातलं काय कळतंय!” असं म्हणून तो जिना उतरला. खालून एकदा वर पाहिलं. हर्षदाला वाटलं, माझ्याशिवाय ही सिनेमा बघणार याचं वाईट वाटतंय बिचाऱ्याला. तिला हसू आलं, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. किती वर्षांत घर असं एकटीचं मिळालं नव्हतं. तिनं परातभर भडंग केलं, त्याला आवडत नाही म्हणून कधी पडत नसलेला लसूण मूठभर घातला, पडदे ओढले आणि भिंतभर पडद्यासमोर पाय पसरून बसली.

पहिला सिनेमा विनोदी होता, दोन जावांच्या भांडणाचा. पहिला तासभर नुसता गोंधळ. कानामागं कधी गोगलगाय चालल्यासारखं व्हायचं, कधी मुंगळा धावल्यासारखं. तिला वाटलं, हे काही आपल्याच्यानं व्हायचं नाही. मग मध्यंतरानंतर एक बाई पदर तोंडावर घेऊन माजघरात शिरली. पदर ढळला आणि कानामागं ती मघाची संथ, दुहेरी थरथर आली.

“धाकटी!” हर्षदा ओरडली. “अगं ही धाकटी जाऊ!”

खोलीत कोणीच नव्हतं. कोणी सांगितलंही नव्हतं. तिनं सिनेमा थांबवला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायली आणि परत येऊन तोच प्रसंग पुन्हा लावला. पुन्हा धाकटीच. आनंदाच्या भरात तिनं भडंगाचा बकाणा भरला तो ठसका लागेपर्यंत.

दुपारी तिनं ‘तिसरी शिट्टी’ लावला. हा दोघांचा लाडका. रेल्वे फाटकावरच्या रखवालदाराची गोष्ट. पुरात रूळ वाहून जातो, गाडी थांबवायला म्हातारा कंदील घेऊन पाण्यात उतरतो. त्याला वाहून जाताना पाहून गाव आकांत करतं, पण शेवटी मुलीच्या लग्नात, मांडवाच्या कोपऱ्यात, पांढरा फेटा बांधून तो उभा असतो. त्या फेट्यापाशी हर्षदाचे डोळे दर वेळी भरून यायचे. शेजारून धनंजय म्हणायचा, “वाचला बघ.”

पूर आला. कंदील विझला. लग्नाचा मांडव आला, कोपऱ्यात पांढरा फेटा आला, आणि कानामागं थरथर आली ती वेगळीच. खरखरीत, तुटक, नवी.

यंत्र चुकलं, ती म्हणाली. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा तीच खरखर. सिनेमा मागं नेऊन फाटकावरचा म्हातारा पाहिला. त्याची थरथर घुमणारी, पाटावरवंट्यासारखी. पुढं येऊन फेटेवाला पाहिला. खरखर. मुलीला तपासलं. आठ वर्षांची परकरी पोर आणि बोहल्यावरची नवरी, वेगवेगळ्या नट्या, वेगवेगळी थरथर. पण रखवालदाराची बायको काळ्या केसांत आणि पांढऱ्या केसांत एकच लागत होती. यंत्र बरोबर होतं.

फेटेवाला कोणी दुसराच होता. वऱ्हाडातला एखादा पाहुणा. रखवालदार पुरातच मेला होता.

हर्षदाला एकदम कितीतरी गोष्टी आठवल्या. सिनेमात बायको कुंकू पुसते तेव्हा तिनं विचारलं होतं, “पण तो आहे ना?” धनंजय म्हणाला होता, “तिला कुठं ठाऊक?” भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोबद्दल म्हणाला होता, “तो त्याचा थोरला भाऊ.” लग्नात बापाशी कोणी का बोलत नाही, तर “रुसलाय सगळ्यांवर.” अलका एकदा माप द्यायला आली असताना म्हणाली होती, “अगं तो म्हातारा मरतो ना!” तेव्हा हर्षदानं तिला ठणकावलं होतं, “तू झोपली असशील शेवटाला.” आणि अलका, भली बाई, गप्प बसली होती. आजाराचा परिणाम, असं तिनं मनात म्हटलं असणार.

तिनं दुसरा सिनेमा लावला. मग तिसरा. आता चेहरे ओळखायचं बाजूलाच राहिलं, ती प्रेतं मोजत होती. खाणीतला भाऊ खाणीतच राहिला होता, शेवटी सायकलवरून येतो तो पोस्टमन होता. नावेतली पोरगी बुडाली होती, शाळेच्या पटांगणात धावते ती कोणाची तरी दुसरीच लेक. धनंजयनं कोणाला म्हणजे कोणालाच मरू दिलं नव्हतं. आजारापासून आजपर्यंत तिच्या सिनेमांत एकही माणूस गेलं नव्हतं.

संध्याकाळी बार्शीहून फोन आला. आधी रोहिणीताई बोलल्या. “हर्षदा, याला घेऊन जा बाई! टीव्ही लावला की माझ्या कानाशी लागतो. हा तिचा मेव्हणा, ही त्याची आत्या. मला दिसतंय की रे बाबा, म्हटलं. तर म्हणतो, सवय.”

मागून धनंजयचा आवाज आला, “विचार ना तिला, कोणता बघितला?”

“नवीनच बघितले,” हर्षदा म्हणाली. “सगळे नवीन.”

“हां. बरं केलंस,” तो म्हणाला. फोनमधूनही त्याचा सुस्कारा ऐकू आला.

तिला संताप आला. रडू येईल असा नाही, भांडी आपटावीत असा. मी काय लहान मूल आहे? आणि सिनेमात खोटं बोलला तर बाहेर किती बोलला असेल? त्या सुषमावहिनी तरी खऱ्या होत्या का, की मी भलत्याच बाईला गुडघा विचारत होते? जे जग मी त्याच्या तोंडून पाहिलं त्यातलं खरं किती? रागाच्या भरात तिनं दोन ब्लाउजांच्या बाह्या उलट्या जोडल्या आणि पुन्हा उसवल्या.

उसवताना हात संथ होतात. त्यात तिला आजारानंतर थिएटरात पाहिलेला पहिला सिनेमा आठवला.

ती दवाखान्यात शुद्धीवर नव्हती तेव्हा तिची आई गेली. हर्षदा घरी आली तेव्हा भिंतीवर फोटो लागला होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं. साडी होती, कुंकू होतं, नाकात चमकी होती. आई नव्हती. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, आता ही रडेल म्हणून. पण रडायचं कोणासाठी, तेच समोर येत नव्हतं. ती मुकाट जेवायला बसायची आणि घास तसाच ठेवून उठायची. महिनाभरानं धनंजयनं तिला सिनेमाला नेलं, नुसतं घराबाहेर काढावं म्हणून. त्यानं आधी चौकशी केली नाही, हीच त्याची चूक. सिनेमात आई आजारी पडली आणि पलंग रिकामा झाला. हर्षदा भर थिएटरात त्याचा हात ओढून विचारू लागली, “कुठं गेली? ती कुठं गेली?” लोक वळून पाहायला लागले. पडद्यावर तेव्हा बाजार होता, आणि एक हिरव्या लुगड्याची बाई मेथीच्या जुड्या मांडत होती. धनंजय तिच्या कानाशी वाकला.

“ही काय. हीच ती. बरी झाली.”

त्या रात्री हर्षदा पोटभर जेवली होती.

रविवारी सकाळी तिनं सिनेमा लावला नाही. कपाटातून अल्बम काढला. चष्मा घातला आणि भिंतीवरच्या फोटोसमोर उभी राहिली. कानामागं एक थरथर आली, हळू, मांजर कुशीत घुरघुरतं तशी. मग अल्बम उघडला. गौरीच्या आरासेपुढं बसलेली एक बाई. तीच घुरघुर. सहलीच्या बसमध्ये वाऱ्यानं केस उडालेली मुलगी. तीच. मुंडावळ्या बांधलेली, घाबरून खाली बघणारी कोवळी पोर. तीच, तीच.

पान उलटलं. विहिरीच्या काठावर, उन्हानं डोळे बारीक करून, हातात कळशी घेऊन कोणी उभी होती, आणि या वेळी कानामागं काही झालंच नाही. चष्मा बंद पडला की काय, असं म्हणत तिनं दांडीला हात लावला, आणि लावता लावता थांबली.

आई होती ती.

थरथर नव्हती, कारण आता तिची गरज नव्हती. नाक आणि कुंकू आणि चमकी वेगवेगळी उरलीच नव्हती. तिची आई उन्हात उभी राहून, फोटो काढणाऱ्याला बहुतेक रागावत होती. हर्षदा जमिनीवर बसली आणि रडली. इतक्या वर्षांचं एकदम, नाक गळेपर्यंत, पदर भिजेपर्यंत. अलकानं दार वाजवलं तर “सिनेमा बघतेय गं!” असं आतूनच ओरडली.

रडून झाल्यावर तोंड धुताना तिच्या ध्यानात आलं की कालचा राग शोधूनही सापडत नाही. चेहराच नसलेलं दुःख तिच्याच्यानं पेललं नसतं. धनंजयनं ते तिच्या हाती दिलंच नाही. ती घ्यायला तयार होईपर्यंत स्वतःजवळ धरून ठेवलं, एकेका सिनेमागणिक, पोस्टमन आणि पाहुणे आणि भाजीवाल्या उभ्या करून. आणि त्याचं त्याला काय? प्रत्येक सिनेमात माणसं मरत होती, ती त्यानं एकट्यानं पाहिली होती. शेजारी बायको समाधानानं भडंग खात असताना.

संध्याकाळी ती स्टेशनवर गेली. बार्शीकडची गाडी आली आणि फलाट माणसांनी भरला. तिची नजर सवयीनं हळदी रंग शोधू लागली. तो कुठंच नव्हता. तेवढ्यात कानामागं एक थरथर आली, जुन्या शिलाई मशीनसारखी, एकसुरी आणि दमदार. सकाळी आपल्या लग्नाच्या फोटोंत तिनं ती पाठ केली होती. तिनं मान वळवली. पुस्तकांच्या गाड्याजवळ निळ्या शर्टातला एक माणूस उभा होता.

ती लगेच पुढं गेली नाही. इतकी वर्षं तो उभा राहायचा आणि ती शर्ट पाहून यायची. वाट पाहताना तो कसा दिसतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तो गर्दीतल्या प्रत्येक बाईकडं बघत होता. हात सारखा निळ्या कॉलरकडं जात होता. चेहऱ्यावर, हो, चेहऱ्यावर, जत्रेत हरवलेल्या पोराची भीती होती. ती सापडणार नाही याची नव्हे, आपण तिला सापडणार नाही याची. दर वेळी, दर फलाटावर, दर मांडवात हा असाच उभा राहत असणार.

“निळा शोभतो की,” ती त्याच्यासमोर जाऊन म्हणाली.

धनंजयनं बॅग खाली ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली.

“ताईनं घेतला,” अखेर म्हणाला. “म्हणाली, आता तिला यंत्र आहे, सोड तो पिवळा. मी म्हटलं, असू दे. तर तिनं पिवळा भिजतच टाकला. गाडीत बसल्यापासून जिवात जीव नव्हता. लांबून ओळखलंस?”

“पुस्तकांच्या गाड्यापासून.”

“आधी यंत्रानं सांगितलं की तू?”

“आता तू उलटतपासणी नको घेऊस. चल, भूक लागलीय.”

जेवणं उरकून दोघं नेहमीसारखे बसले. हर्षदानं ‘तिसरी शिट्टी’ लावला. नाव झळकताच धनंजय सावरून बसला.

“हा? हा कशाला?”

“आवडतो मला.”

“काल नवीन बघितलेस म्हणालीस ना. मग आजही नवीनच बघू.”

“गप बैस. डॉक्टरांनी तुला बोलायला बंदी केलीय.”

तो गप्प बसला. पूर आला. हर्षदा पडद्याकडं बघत नव्हती, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडं बघत होती. म्हातारा कंदील घेऊन पाण्यात उतरला. कंदील विझला. धनंजयचे डोळे भरले, आणि त्यानं ते सराईतपणे, तिच्या विरुद्ध बाजूला मान वळवून, खांद्याला पुसले. किती सिनेमे त्यानं असे खांद्याला पुसले असतील!

मांडव आला. सनई लागली. कोपऱ्यात पांढरा फेटा आला आणि हर्षदाच्या कानामागं ती तुटक खरखर झाली. परका पाहुणा, चष्मा म्हणाला.

धनंजयनं ओठ घट्ट मिटले होते. हाताच्या मुठी वळल्या होत्या. आपलं सगळं उघडं पडणार म्हणून तो बसला होता, शाळेत निरीक्षक आल्यासारखा.

हर्षदा त्याच्या कानाशी वाकली.

“तोच हा,” ती म्हणाली. “वाचला बघ.”

धनंजयनं तिच्याकडं पाहिलं. मग पडद्याकडं. मग पुन्हा तिच्याकडं. चष्मा तिच्या नाकावर होता, दांड्या कानांवर होत्या, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते तो वर्षानुवर्षं वाचत आला होता. तिला सगळं कळलं होतं.

“फेटा तेवढा नवा दिसतोय,” तो शेवटी घोगऱ्या आवाजात म्हणाला.

“मुलीचं लग्न आहे. बांधणारच की.”

“आणि कोणाशी बोलत कसा नाही?”

“रुसलाय,” हर्षदा म्हणाली आणि लसणाचं भडंग त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं नाक मुरडलं आणि मूठभर खाल्लं.